झिपरीची पिल्लं द्यायची कुणाला?

प्रश्न : अडीच महिन्यांपूर्वी आम्ही प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक कुत्री घरी आणली. तिचं नाव झिपरी. आणली तेव्हा तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. पुढे पोट सुटलं, तेव्हा अंगाला लागतंय म्हणून आम्ही खूश! आणि एका रात्री ती पलंगाखाली व्यायली. सहा पिल्लं. आता ती तीन आठवड्यांची आहेत. निवाऱ्याने आपल्याला फसवलं, असं यजमान म्हणतात. सासऱ्यांचं म्हणणं, महिन्याची झाली की देऊन टाका, लहान असतानाच नेलं तर लळा लागतो. नणंदेला एक पिल्लू पहिलीतल्या मुलाच्या वाढदिवसाला हवंय, तेही भाच्याला न सांगता. ऑफिसातल्या दोघांनी ‘एक आमच्यासाठी ठेवा हं’ म्हणून ठेवलंय. आणि एक गृहस्थ फोटो पाहून सहाच्या सहा न्यायला तयार आहेत. सगळे म्हणतात, सुटलीस. मला मात्र रात्री झोप येत नाही. एक पिल्लू स्वतः ठेवावं असंही मनात येतं. काय करू?

उत्तर : आधी निवाऱ्याचा विषय संपवू, कारण येत्या महिन्यात तुम्हाला त्यांची गरज लागणार आहे. कुत्रीचे दिवस साधारण त्रेसष्ट असतात. तुमच्याकडे येऊन तिला अडीच महिने झाले, पिल्लं तीन आठवड्यांची. म्हणजे ती आली तेव्हा गरोदर राहून जेमतेम आठ-दहा दिवस झाले असणार. इतक्या लवकर हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीतही दिसत नाही. त्यात ती हडकुळी. अशा कुत्रीची नसबंदी अंगात जरा ताकद येईपर्यंत डॉक्टर पुढे ढकलतात. तेव्हा यजमानांना सांगा, यात फसवणूक दिसत नाही. दत्तक घेताना सही केलेला कागद शोधा आणि नीट वाचा. झाली तर पिल्लांचं काय करायचं, हे पुष्कळ निवाऱ्यांच्या करारात लिहिलेलं असतं. मग त्यांना फोन करा. काहीजण नसबंदीची आणि लसींची सोय करतात, काहींकडे तपासून ठेवलेल्या इच्छुकांची यादी असते. तुम्ही एकटीने सहा घरं शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

आता सासरे. त्यांच्या अनुभवाचा मान राखून सांगते, महिन्याची पिल्लं देऊ नका. आठ आठवडे पूर्ण होऊ द्या. एक तर दूध तुटायला सात-आठ आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात ती मऊ केलेलं खाणं चाटायला लागतील आणि ते बघून घरच्यांना वाटेल, झाली की मोठी. पण खाता येणं वेगळं आणि आईवाचून राहता येणं वेगळं. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांना चावून चावून शिकतात. एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून जातं. दात किती दाबायचे हे पिल्लाला असं कळतं, आणि हे शिकवायला माणूस तोकडा पडतो. इटलीतल्या संशोधकांनी २०११ साली तीस ते चाळीस दिवसांत आईपासून तोडलेल्या आणि साठ दिवसांनी दिलेल्या कुत्र्यांच्या मालकांकडे चौकशी केली. लवकर तोडलेल्यांत फिरताना घाबरणं, सतत भुंकणं, वस्तूंची नासधूस या तक्रारी जास्त निघाल्या. लळ्याचं म्हणाल, तर आठ आठवड्यांच्या पिल्लाला नव्या माणसाचा लळा चार दिवसांत लागतो. त्यासाठी आईवरून ओढून काढावं लागत नाही.

पण म्हणून हे पाच आठवडे नुसते वाट बघण्याचे नाहीत. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लाच्या मनाची कवाडं उघडी असतात. त्या काळात जे दिसतं, ऐकू येतं, हाताला लागतं, ते त्याला आयुष्यभर नेहमीचं वाटतं. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत यावर बरंच काम झालं. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका प्रयोगात काही पिल्लं कुंपण घातलेल्या मैदानात माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली होती. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांनी माणूस अनुभवलाच नव्हता, ती पुढे माणसाला बुजूनच राहिली. म्हणजे पिल्लू चांगलं निघणार की भित्रं, यातला मोठा वाटा आत्ता तुमच्या घरात ठरतोय. चांगलं घर मिळवायचं तर आधी चांगलं पिल्लू हवं. मला विचाराल तर जाहिरातीपेक्षा याच्यावर जास्त वेळ घालवा.

करायचं काही अवघड नाही. एकेका पिल्लाला रोज थोडा वेळ आईपासून बाजूला घ्या, पंजे हातात धरा, कान उघडून बघा, तोंडात बोट फिरवा. पुढे डॉक्टर हेच करणार आहेत. स्वयंपाकघरात भांडी पडू द्या. स्टीलचं ताट खाली पडलं की सहाही पिल्लं दचकतील, तिथपर्यंत ठीक आहे. बघायचं ते पुढे. एखादं लगेच ताट हुंगायला येईल. दोन-तीन मागे उभी राहून, मान वाकडी करून बघतील. एखादं आईच्या पोटाखाली शिरेल आणि बराच वेळ बाहेर यायचं नाही. हे लिहून ठेवा. कुठलं पिल्लू लहान मुलांच्या गजबजाटात टिकेल आणि कुठलं शांत, माणसं कमी असलेल्या घरात द्यायचं, हे तुम्हाला आठवडाभर असं बघून जितकं कळेल, तितकं पिल्लं बघायला आलेल्या माणसाला दहा मिनिटांत कळणार नाही. म्हणून कुठलं पिल्लू कुणाला, हे तुम्ही सुचवायचं. ‘तो पांढऱ्या पायांचा द्या’ असं म्हणणाऱ्याने रंग पाहिलेला असतो. राहायचं त्याला स्वभावाबरोबर आहे.

प्रकृतीचं मात्र डॉक्टरांवर सोपवा आणि उशीर करू नका. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लांत येतात आणि दुधातूनही येत राहतात. त्यामुळे जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी देतात. तुमच्याकडे एकही डोस झाला नसेल तर उद्याच जा, झिपरीलाही द्या. हे जंत माणसांनाही त्रास देतात, विशेषतः लहान मुलांना. तेव्हा पिल्लांशी खेळल्यावर हात धुणं सक्तीचं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, आणि पुढचे डोस दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत. इतके डोस का, असं नवे मालक विचारतील. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण काही काळ लसीलाच निष्प्रभ करतं, आणि ते नेमकं कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं असतं. पुढचे डोस राहिले की पिल्लं पार्व्होने दगावू शकतात. हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, चपला-बुटांवरून घरात येतो. म्हणून बघायला येणाऱ्यांना दाराबाहेर पादत्राणं काढायला लावा. ज्यांच्या घरी नुकतंच कुत्रं आजारी होऊन गेलंय, त्यांना सध्या नकोच म्हणा.

आणि झिपरी! पत्रात तिच्याबद्दल पिल्लं झाल्यानंतर एक ओळही नाही. हा तिचा सगळ्यात ओढीचा काळ आहे. तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागेल, ते दिवसातून चार-पाचदा विभागून द्या. पिल्लांना पाजणारी कुत्री एकाएकी अस्वस्थ झाली, धापा टाकू लागली, पाय ताठ झाले, अंग थरथरायला लागलं, तर अंगातलं कॅल्शियम उतरलंय असं समजा आणि रात्र असली तरी दवाखाना गाठा. यात वाट बघायची नसते. आपल्या मनाने कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू करू नका.

आता घरं. तुमच्या यादीतल्या सहाच्या सहा नेणाऱ्या गृहस्थांना आजच नकार कळवा. एका वेळी सहा पिल्लं कुणी पाळायला नेत नाही. विकायला नेतात, वीण काढायला नेतात, किंवा त्याहून वाईट कशाला तरी नेतात. समजा ते अगदी सज्जन आहेत, तरी सहा पिल्लांना शी-शू शिकवणं एका घराला झेपणार नाही. कारणं देत बसू नका, वाद सुरू होतो. ‘पिल्लं एकेक करूनच द्यायचं ठरलंय’ एवढं पुरे. दोन भावंडं एकत्र मागणाऱ्यांनाही मी नको म्हणेन. जोडी दिसते गोड, पण अशी पिल्लं पुष्कळदा एकमेकांत इतकी गुंततात की माणसाकडे लक्षच देत नाहीत, आणि घरच्यांची मेहनत दुप्पट होते.

‘एक आमच्यासाठी ठेवा हं’ ही होकाराची नव्हे, गप्पांची भाषा आहे. त्या दोघांना घरी बोलवा, तेही कुटुंबासकट. यायला चालढकल करतील त्यांचं उत्तर मिळालंच. आले तर ‘तुम्हाला कुत्री आवडतात का’ असं विचारू नका. सगळेच हो म्हणतात. असं विचारा, ‘याआधी कुत्रं होतं? त्याचं काय झालं?’ या एका प्रश्नाइतकं दुसऱ्या कशानेच मला माणूस कळलेलं नाही. म्हातारं होऊन गेलं, शेवटी किडन्या गेल्या होत्या, असं सांगताना एखाद्याचा आवाज बदलतो. कुणी म्हणतं, पळून गेलं. कुणी म्हणतं, बाळ झालं तेव्हा देऊन टाकलं. पळून गेलं म्हणजे लगेच फुली मारायची असं नाही. ते शोधलं कसं, कुठे कुठे, हे पुढे विचारा. पूर्वी कुत्रं नव्हतंच, हेही चालेल. नवखे लोक विचारून विचारून करतात, ते बरे.

मग रोजचं. दिवसभर घरी कोण असतं? पहाटे बाहेर कोण नेणार? आठ आठवड्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी न्यावं लागतं, रात्रीही एकदा. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी लेखी आहे का? गावाला गेलात तर कोण बघेल? घरातल्या कुणाला नको आहे का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांसमोर विचारा आणि जो गप्प बसतो त्याच्याकडे बघा. बरोबर लहान मूल असेल तर तेही बघा. मूल पिल्लाला पुढच्या दोन पायांनी उचलणारच, मुलंच ती. आई-बाप काय करतात? एक बाई हसून फोटो काढते. दुसरी खाली बसते, मुलाचा एक हात पिल्लाच्या छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली नेऊन ठेवते. पिल्लू दुसरीला द्या.

शक्य असेल तर पिल्लू तुम्ही स्वतः त्यांच्या घरी पोचवा. गॅलरीच्या गजांतून पिल्लू पडेल का, फाटक लागतं का, हे दारात उभं राहिल्यावर दिसतं. तुम्हाला घरी येऊ द्यायला कुणी फार आढेवेढे घेत असेल, तर तिथे थांबा.

ओळखीपाळखीत सहा घरं होणार नाहीत, जाहिरात करावीच लागेल. त्यात तुमचा पत्ता नको, आणि ‘फुकट’ हा शब्द नको. फुकट म्हटलं की विकणाऱ्यांचे फोन सुरू होतात आणि हौशे-नवशे गोळा होतात. लसी आणि जंताच्या औषधाचा खर्च निघेल एवढं शुल्क सांगा. फोटो टोपलीत रिबीन बांधून नको, कुणाच्या तरी तळहाताशेजारी काढा, म्हणजे आकार कळेल. मजकूर साधा, खरा असू द्या. असा काहीसा : ‘दत्तक घेतलेल्या कुत्रीची पिल्लं. बाप माहीत नाही. अमुक तारखेला आठ आठवड्यांची होतील, त्याआधी देणार नाही. तपकिरी मादी धीट आहे, भांड्यांच्या आवाजाला बुजत नाही. काळा नर लाजरा, शांत घर हवं. भेटून, घर बघून देऊ. जमलं नाही तर पिल्लू परत आमच्याकडेच द्यायचं.’ लाजरा म्हणून लिहिलं तर कोण घेणार, अशी भीती वाटेल. घेतात. लाजऱ्याच्या शोधात असलेली माणसंही असतात, आणि लपवून दिलेलं पिल्लू मात्र हटकून परत येतं.

‘मोठं होऊन केवढं होईल?’ हे प्रत्येकजण विचारेल. जात ठोकून देऊ नका. बाप तुम्हाला माहीत नाही, आणि बाप एकच असेल असंही नाही. कुत्रीच्या एकाच वेतात दोन बापांची पिल्लं असू शकतात, म्हणून तर काही वेतांत भावंडं एकमेकांच्या जवळपासचीही दिसत नाहीत. ढोबळ अंदाज असा की मध्यम चणीच्या कुत्र्याचं चार महिन्यांचं वजन मोठेपणीच्या साधारण निम्मं असतं. पण तेव्हा ते तुमच्या घरी नसेल. म्हणून सरळ सांगा, ‘झिपरीएवढं तरी होईल, मोठंही होऊ शकतं.’ एवढ्यावर जे मागे हटतात, त्यांना हटू द्या. मादी नको म्हणणारेही भेटतील. त्यांना सांगा, नसबंदी झाली की वीण, माज, दारात जमणारे कुत्रे, सगळं एकदम मिटतं.

नसबंदीची अट कागदावर घ्या. नाहीतर वर्षभरात असंच पत्र तुमच्या पिल्लाच्या घरून यायचं. कुत्री सहाव्या महिन्यापासून माजावर येऊ शकते. काही निवारे आठ आठवड्यांच्या पिल्लांचीही नसबंदी करूनच देतात, तुमचे डॉक्टर तयार असतील तर प्रश्नच मिटला. नाहीतर थोडी अनामत ठेवून घ्यायची आणि शस्त्रक्रियेचा कागद दाखवला की परत करायची, हा उपाय बऱ्यापैकी चालतो. त्याच कागदावर दुसरी अट : काहीही कारण असो, कितीही वर्षांनी असो, पिल्लू तिसऱ्या कुणाला द्यायचं नाही, आधी तुम्हाला कळवायचं. हे वाक्य लिहिताना तुम्हालाही ते पाळायचंय, हे लक्षात असू द्या.

आता नणंदबाई. इथे तुम्ही सगळ्यात जास्त अडखळताय, हे पत्रावरून दिसतंच आहे. परक्याला नाही म्हणता येतं, सासरच्या माणसाला म्हणताना जीभ जड होते. पण त्यांना नाही म्हणायचंच नाहीये. फक्त इतरांना लावलेले नियम त्यांनाही लावायचेत. गुपचूप देणं नको, एवढं पक्कं धरा. कुत्रं दहा ते पंधरा वर्षं जगतं. आज पहिलीत असलेला भाचा तेव्हा कॉलेजात असेल, आणि मधली सगळी वर्षं पिल्लाचं करणार त्याची आई. तेव्हा पिल्लू हवंय का, हे तिला विचारा. ‘ताई, पिल्लू त्याच्यासाठी नको मागू, तुझ्यासाठी हवं असेल तर बोल’ असं म्हणून बघा. हो म्हणाली तर वाढदिवसाला भाच्याला पट्टा आणि पाण्याचं भांडं द्या, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांनी येऊन पिल्लू बघा. वाढदिवसाच्या दिवशी घरात तीस माणसं, फुगे, आरडाओरडा. त्या गर्दीत पिल्लाला आणू नये. राग आला तर येऊ दे, महिन्याभरात जातो.

सहाही एका दिवशी देऊ नका. दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक गेलं तर झिपरीचं दूध सावकाश आटतं, सड दाटून येत नाहीत. तिला दुःख होईल का, असा तुमचा प्रश्न नाही, पण रात्री झोप न येण्यामागे तो असावा. आठव्या आठवड्यापर्यंत ती स्वतःच पिल्लांपासून उठून जायला लागेल, दातांनी टोचतात म्हणून गुरगुरेलही. पिल्लाबरोबर चार दिवसांचं सवयीचं खाणं, सगळ्यांच्या अंगाखालच्या पांघरुणाचा एक तुकडा आणि औषध-लसींच्या तारखांचा कागद द्या. पहिल्या रात्री ते रडेल आणि मालकांचा फोन येईल. घ्या.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. ठेवायला हरकत नाही, पण ज्याला कुणी घेत नाही म्हणून उरलेलं, असं ठेवू नका, आणि आत्ता, तीन आठवड्यांच्या गोड चेहऱ्याकडे बघूनही ठरवू नका. झिपरी स्वतःच घरात नवी आहे. अडीच महिन्यांतला बहुतेक काळ ती गरोदर आणि उरलेला बाळंतीण. तिचा खरा स्वभाव तुम्ही अजून पाहिलेलाच नाही. पाच पिल्लं गेल्यावर उरलेल्याला दहा-बारा आठवड्यांचं होईपर्यंत राहू द्या, त्याच्यासाठी आलेली चांगली घरं हातची सोडू नका आणि बघा, दोघांना फिरवणं, दोघांची लस, दोघांचं आजारपण घराला झेपतंय का. यजमानांचंही मत घ्या, त्यांचा पत्रात फक्त रागच दिसतोय. आणि ठेवलेलं पिल्लू नर असेल तर झिपरीच्या नसबंदीची तारीख आधी पक्की करा. पिल्लं तुटून दूध आटलं की काही आठवड्यांत डॉक्टर ती करतात, आणि कुत्र्यांत आई-मुलगा असं काही नातं उरत नाही.